गोठविलेले अन्न आणि उपाहारगृहांची जबाबदारी

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. गोव्यातील उपाहारगृहांत येणाऱ्या ग्राहकाची कोळंबीची व इसवणाची अपेक्षा मात्र या दिवसांतही कमी होत नाही. ही गरज भागविण्यात गोठविलेल्या मासळीचा मोठा वाटा असतो. म्हणूनच तिचे गुण व मर्यादा दोन्ही जाणून घेणे अगत्याचे आहे.

शीघ्र गोठवणाचे तत्त्व

लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठलेली मासळी शिजविल्यावर ताज्यासारखीच लागते, हे अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्झाय यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पाहिले. पुढे १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्या पद्धतीने गोठविलेल्या पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली. अन्न सावकाश गोठले की बर्फाचे मोठे स्फटिक बनून पेशी फाटतात आणि वितळताना रस वाहून जातो. शीघ्र गोठवणात स्फटिक सूक्ष्म राहतात व पदार्थाचा पोत टिकतो.

व्यावसायिकास यापासून होणारे लाभ उघड आहेत. हंगामातील स्वस्त माल साठविता येतो, सोलण्या-निवडण्याचे श्रम वाचतात आणि लागेल तेवढेच काढल्याने नासाडी टळते.

मर्यादा

थंडीने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ केवळ थांबते. ऊब मिळताच ते पुन्हा वाढू लागतात. त्यातही बांगड्यासारखी मासळी पकडल्यानंतर उन्हात राहिली, तर तिच्यात हिस्टामिन हे द्रव्य तयार होते. ते गोठविल्याने जात नाही आणि शिजविल्यानेही नष्ट होत नाही. अशी मासळी खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. तात्पर्य, शीतपेटी चांगले अन्न चांगले राखते. बिघडलेले सुधारीत नाही.

हाताळणी

माल उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड असावा. पाकिटातील कोळंबीचा एकसंध गोळा झाला असेल किंवा तळाशी बर्फाची लादी दिसत असेल, तर माल वाटेत वितळला असण्याचा संभव असतो. तो स्वीकारू नये. पाकिटांवर तारीख घालावी व आधी आलेला माल आधी वापरावा.

मांस व मासळी ओट्यावर ठेवून वितळवू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. ती आदल्या रात्री रेफ्रिजरेटरच्या खालच्या कप्प्यात, ताटात ठेवावी. घाई असल्यास बंद पिशवीत घालून वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. कोंबडी आतपर्यंत सुटल्याखेरीज चुलीवर चढवू नये, अन्यथा ती बाहेरून शिजून आत कच्ची राहते. मटार मात्र थेट उकळत्या रश्श्यात घालावेत. शिजताना पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश तापमान यावे. ओट्यावर वितळलेला माल पुन्हा गोठवू नये.

पावसाळ्यात वीज गेल्यास पेटीचे झाकण उघडू नये. पूर्ण भरलेली बंद पेटी सुमारे ४८ तास, अर्धी भरलेली सुमारे २४ तास थंडी धरून ठेवते. विजेच्या बचतीसाठी रात्री पेटी बंद करणे ही मात्र बचत नव्हे. तो ग्राहकाच्या आरोग्याशी खेळ होय.

जेवणारा मुदपाकखान्यात डोकावत नाही. तो विश्वासाने ताटावर बसतो. त्या विश्वासाचे रक्षण करणे हे आचाऱ्याचे व मालकाचे समान कर्तव्य आहे.