सिलिंडर आडवा का करायचा नाही?

मैत्रिणींनो, अंधेरी-घाटकोपरच्या रिक्षांमध्ये सीएनजी हवेच्या सुमारे २०० पट दाबाने भरतात, तरी तो वायूच राहतो. आपल्या सिलिंडरमधला गॅस वेगळा आहे. थोडा दाब दिला की त्याचे कण एकमेकांना ओढून धरतात आणि त्याचा द्रव होतो. म्हणून तर १४.२ किलो गॅस एवढ्याशा सिलिंडरमध्ये मावतो. पुस्तकातला 'आदर्श वायू' कधीच द्रव होत नाही. खरे वायू होतात.

सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो, वर वायू. शेगडीला वरचा वायू मिळतो. गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा केलात, तर द्रवच नळीत शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो, मग ज्योत भडकणारच! गरम पाण्यातही ठेवू नका. उष्णतेने आतला दाब वाढतो.

मुंबईत पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. आपला जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

येत्या बैठकीत प्रत्येकीला हे सांगा.