मालिका किती, जाहिरात किती?

संध्याकाळची कामे उरकतात. गुरांना वैरण पडते. भाकऱ्या होतात. मग घरोघरी टीव्ही लागतो. दिवसभर राबलेल्या माणसाला घटकाभर करमणूक हवी असते, आणि त्यात काही वाईट नाही. आम्हीही टीव्ही पाहतो.

पण मालिका जरा रंगात आली, की ती थांबते. सून दाराशी उभी आहे, आत काय चालले आहे ते तिला आता कळणार, तेवढ्यात साबणाची वडी पडद्यावर येते. मग तेल, मग मसाला, मग मोटारगाडी. ज्याच्या दारात सायकल नाही त्यालाही मोटारगाडी पाहावी लागते. याला आपण 'ब्रेक' म्हणतो. हा ब्रेक कोण घेतो, किती वेळ घेतो, आणि तो कमी होईल का, हे या पाठात पाहू या.

आधी एक शब्द नीट वाचा : वाहिनी. वाहिनी म्हणजे चॅनेल. वहिनी नव्हे. काना विसरला तर पत्र भलत्याच घरी जाईल!

तुम्ही बाजारच्या दिवशी गारुडी पाहिला असेल. तो डमरू वाजवतो. टोपलीत नाग आहे, पिशवीत मुंगूस आहे असे सांगतो. "आता दोघांची झुंज लावतो," म्हणतो. माणसे गोळा होतात. मग तो काय करतो? झुंज लावत नाही. ताईत काढतो, दाताचे औषध काढतो. "एवढे संपले की झुंज." माणसे झुंजीच्या आशेने उभी राहतात आणि ताईत घेतात. झुंज बहुधा होतच नाही. सून दाराशी उभी असते तेव्हा ब्रेक येतो, तो याच हिशेबाने. मालिका लिहिणारे लोक कथेचा खटका मुद्दाम ब्रेकच्या आधी ठेवतात. तुम्ही उठून जाऊ नये, समोरची जाहिरात पाहावी, म्हणून.

गारुड्याचे पोट ताइतावर, तसे वाहिनीचे पोट जाहिरातीवर. मालिका तयार करायला पैसा लागतो. नट, कपडे, दिवे, कॅमेरा, सगळ्याला पैसा. तो कुठून यावा? काही वाहिन्यांना आपण दरमहा रिचार्जमधून पैसे देतो. ज्यांच्या घरावर दूरदर्शनच्या 'फ्री डिश'ची छत्री आहे, त्यांना महिन्याचे काहीच भरावे लागत नाही. ही फ्री डिश २००४ साली सुरू झाली. तीवर जागा मिळवायला खाजगी वाहिन्या उलट दूरदर्शनला पैसे देतात. मग त्यांचा खर्च भागवतो तो साबणवाला आणि तेलवाला. आणि साबणवाल्याला पैसे कोण देतो? आपणच. वडीच्या किमतीत जाहिरातीचा खर्च धरलेला असतो. म्हणून 'फुकटचा टीव्ही' हा शब्द आम्हांला पटत नाही.

हा कारभार पहिल्यापासून असा नव्हता. आपल्या देशात टीव्ही १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. मुंबईला तो १९७२ साली आला. तेव्हा त्यावर जाहिराती नव्हत्या. त्या १९७६ साली आल्या. त्या काळी रेडिओला आणि टीव्हीला लायसन लागे, आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. १९८० नंतरच्या दशकात ते लायसन बंद झाले. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे. आमच्या आठवणीत, साऱ्या जाहिराती आधी उरकून घेत. एकदा रामायण सुरू झाले, की मग कोणी मध्ये येत नसे.

इंग्लंडमध्ये बीबीसी नावाची संस्था आहे. तिथे टीव्ही पाहणारे घर दर वर्षी लायसनचे पैसे भरते आणि बीबीसीच्या तेथील कार्यक्रमांत जाहिराती नसतात. म्हणजे दोन वाटा झाल्या. पैसे भरा आणि जाहिरात टाळा, नाहीतर पैसे वाचवा आणि जाहिरात पाहा. आपल्याकडे मात्र पैसे भरूनही जाहिरात पाहावी लागते. गाऱ्हाणे आहे ते इथे.

आता नियम पाहू. केबल टीव्हीचा कायदा १९९५ सालचा आहे. त्याच्या नियमांत २००६ साली एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. एका तासात १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको. त्या १२ मिनिटांत १० मिनिटे व्यापाऱ्यांच्या जाहिराती आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती. वाहिनी आपल्याच पुढच्या मालिकेची झलक दाखवते ना, तीही जाहिरातच. तीही मोजायची.

पुढे २०१२ साली 'ट्राय' या सरकारी संस्थेने या विषयावर वेगळे नियम काढले. टेलिफोन आणि टीव्ही यांच्या कारभारावर देखरेख करणारी ही संस्था आहे. २०१३ साली त्यांत दुरुस्ती करून तिने पुन्हा तेच बजावले : घड्याळाच्या एका तासात १२ मिनिटे. घड्याळाचा तास म्हणजे आठ ते नऊ, नऊ ते दहा असा.

तेव्हा काही वाहिन्या, विशेषतः बातम्यांच्या आणि गाण्यांच्या, दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे : आमची कमाई मुख्यतः जाहिरातीची, ती तोडली तर आम्ही चालायचे कसे? न्यायालयाने २०१३ साली, दावा चालू असेपर्यंत त्या वाहिन्यांवर सक्तीची कारवाई करू नका, असे सांगितले. तो दावा पुढे दहा वर्षांहून अधिक काळ चालला. बांधाचा दावा लांबतो हे आपल्याला ठाऊक आहे. जाहिरातीचाही लांबतो.

वाहिन्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जाहिरात दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. १२ मिनिटे म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे दहा सेकंदांचे ७२ तुकडे. उद्या सहा मिनिटेच ठरली तर ३६ तुकडे उरतील. मग एक तर तुकड्याचा भाव वाढेल किंवा आपले महिन्याचे पैसे वाढतील. हे ध्यानात ठेवून बोलावे. जाहिरात मुळीच नको, असे आम्ही म्हणत नाही. ठरल्यापेक्षा जास्त नको, एवढे म्हणणे रास्त आहे.

आता थोडे गणित. एका घरात रोज तीन तास टीव्ही चालतो असे धरा. तासाला १२ मिनिटे जाहिरात, म्हणजे रोज ३६ मिनिटे. वर्षाचे दिवस ३६५. ३६ गुणिले ३६५ म्हणजे १३,१४० मिनिटे. त्याला ६० ने भागा. २१९ तास झाले. दिवसाचे २४ तास धरले, तर नऊ दिवस आणि वर तीन तास! वर्षातले नऊ दिवस आणि नऊ रात्री आपण साबण आणि मसाले पाहत बसतो. आणि हे सारे नियम पाळला तर. ज्या बाईला पहाटे पाचला उठून पाणी भरायचे आहे, तिची झोप यात जाते. मालिका दहाला संपायची ती साडेदहाला संपते, आणि उरलेली अर्धी झोप सकाळच्या चुलीपाशी डुलक्या घेऊन भरून निघत नाही.

मुलांची गोष्ट याहून निराळी. मोठ्या माणसाला कळते, की हा विकायला आला आहे. सहा वर्षांच्या पोराला ते कळत नाही. त्याला मालिकेतला मामा आणि जाहिरातीतला मामा सारखाच. मग काय होते पाहा. घरात म्हैस आहे. सकाळचे दूध डेअरीला जाते. आणि पोरगे डब्यातल्या भुकटीसाठी हट्ट धरते, कारण ती प्यायलेला मुलगा टीव्हीत शर्यत जिंकतो. आई दोन दिवस ऐकत नाही, तिसऱ्या दिवशी दुकानात जाते. डेअरीचे पैसे भुकटीत जातात. घरचे निरसे दूध विकून विकतची भुकटी! या घराला ठकवले कोणी, हे त्या आईला सांगूनही खरे वाटत नाही.

यासाठी स्वीडन देशात फार कडक नियम आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून तिथल्या टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. आपल्याकडेही जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्राधिकरण म्हणजे अधिकार दिलेली सरकारी संस्था. मुलांच्या भाबडेपणाचा फायदा घेऊ नये, असे त्यांत आहे. चिप्स, फसफसणारी गोड पेये अशा चटकमटक पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात दाखवू नये, असेही आहे.

आणखी दोन नियम सांगून ठेवतो, कारण ते फारच थोड्यांना ठाऊक असतात. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा. आणि कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात जाहिरातीची पट्टी फिरवून अडथळा आणू नये. केबल टीव्हीच्या नियमांत सातव्या नियमाखाली हे लिहिले आहे.

मग आपण काय करावे? पहिले काम मोजण्याचे. वही घ्या, पेन्सिल घ्या, भिंतीवरचे घड्याळ पाहा. ब्रेक लागला की वेळ लिहा. मालिका परत आली की वेळ लिहा. आकडे लिहिण्याचा सरावही होईल. समजा, वहीत असे उतरले :

८ वाजून ७ मिनिटे ते ८ वाजून ११ मिनिटे : ४ मिनिटे
८ वाजून २० मिनिटे ते ८ वाजून २५ मिनिटे : ५ मिनिटे
८ वाजून ३६ मिनिटे ते ८ वाजून ४१ मिनिटे : ५ मिनिटे
८ वाजून ५२ मिनिटे ते ८ वाजून ५६ मिनिटे : ४ मिनिटे

बेरीज करा. १८ मिनिटे. १२ वजा केली तर ६ मिनिटे जास्त. 'फार जाहिराती दाखवता' असे म्हटले तर कोणी ऐकणार नाही. 'सहा मिनिटे जास्त' म्हटले तर उत्तर द्यावे लागते. एकच दिवस मोजू नका, तीन दिवस मोजा. शेजारणीने वेगळ्या वहीत मोजले तर फार बरे. दोन वह्या जुळल्या की शंका उरत नाही.

एक गोष्ट मात्र मोजू नका. मालिकेत 'काल काय घडले' म्हणून तेच पुन्हा दाखवतात, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा फिरवतात. वेळ त्यातही जातो, पण त्याला जाहिरात म्हणत नाहीत. त्यावर उपाय रिमोटचा.

रिमोटलाही कमी समजू नका. कोणती वाहिनी किती पाहिली जाते, हे मोजायला देशातल्या काही हजार घरांत यंत्रे बसवलेली आहेत. बार्क नावाची संस्था हे काम करते. ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यांतली घरेही त्यात धरली जाऊ लागली. ती घरे कोणती हे गुप्त असते. खेड्यातला माणूसही वाहिनी बदलतो, हे त्यानंतर व्यापाऱ्याला आकड्यांत दिसू लागले. आणि रिचार्ज करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की २०१९ सालापासून एकेक वाहिनी निवडून घेण्याची सोय झाली. जी फार छळते ती काढून टाकायला केबलवाल्याला सांगता येते. तो टाळाटाळ करील. पुन्हा सांगावे.

दुसरे काम पत्राचे. जून २०२१ मध्ये नियम झाला, की वाहिनीने तक्रार ऐकण्यासाठी माणूस नेमावा. तक्रार आली की २४ तासांत पोच द्यावी आणि १५ दिवसांत निकाल द्यावा. समाधान झाले नाही, तर पुढल्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या संघटनेने नेमलेल्या मंडळाकडे दाद मागता येते, आणि त्याच्याही वर सरकार आहे. तक्रार कुठे पाठवायची तो पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. गावातल्या कॉलेजच्या पोराला मोबाईलवर काढून द्यायला सांगा. पत्र मात्र स्वतः लिहा. नमुना असा :

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(इथे वाहिनीचे नाव लिहावे)

विषय : ठरल्यापेक्षा जास्त जाहिराती दाखविल्याबाबत.

महाशय,
मी आपली वाहिनी रोज पाहते. तारीख ...... रोजी रात्री ८ ते ९ या एका तासात आपण १८ मिनिटे जाहिराती दाखविल्या. वेळा मागील पानावर लिहिल्या आहेत. केबल टीव्हीच्या नियम ७ प्रमाणे तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. तरी ६ मिनिटे जास्त का दाखविली याचा खुलासा करावा आणि यापुढे मर्यादा पाळावी, ही विनंती.

आपली,
(सही, पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा)

पुरुष वाचकांनी 'पाहते' च्या जागी 'पाहतो' आणि 'आपली' च्या जागी 'आपला' लिहावे. अंगठा उठवू नका, सही करा. सही वाकडी आली तरी चालते. पत्राची एक नक्कल वहीत ठेवा. पोच आली की तिचा क्रमांक आणि तारीख नकलेच्या खालीच लिहा. पंधरा दिवस मोजायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.