पन्नास रुपयांची मर्यादा

सातारा

चि. बापू यास,

सांगलीच्या न्यायालयाने तुला नादार जाहीर करून वर्षही झाले नाही आणि घरात नवा ब्रॉडबँड, सगळ्यांसाठी मिळून पोस्टपेड सिम आणि हप्त्यावर टीव्ही घ्यायचे घाटते आहे, असे सूनबाईकडून कळले. तुझ्या चिमीची दहावी आहे, तिला इंटरनेट लागणार, यात वाद नाही. पण माझी सारी नोकरी न्यायालयाच्या नाझर कचेरीत गेली. तिथे जे पाहिले ते तुला वेळेवर सांगितले नाही तर मला चैन पडणार नाही.

तुला लागू असलेला नादारीचा कायदा १९२० चा आहे. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग अजून कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच सुरू झाला आहे, त्यामुळे आपल्या सातारा-सांगलीकडे जुनाच चालतो. त्याचे ७२ वे कलम वकिलाकडून नीट वाचून घे. नादारीतून मुक्ततेचा हुकूम होण्याआधी नादाराने आपली नादारी न सांगता कोणाकडूनही पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. तेव्हाचे पन्नास रुपये मोठे होते. आज एक लिटर म्हशीचे दूध त्यात येत नाही, पण आकडा तोच आहे.

आता घरात काय काय चालते ते बघ. आधी वापरायचे आणि महिन्याने पैसे द्यायचे, ही उधारीच. पोस्टपेडचे बिल उधारी, टीव्हीचा हप्ता उधारी, दुधाचा रतीब आणि वाण्याच्या वहीतली बाकीही उधारीच. म्हणून गवळ्याला, वाण्याला स्वतः जाऊन सांग. पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे, वेगळे काय सांगायचे, असे मनात आणू नकोस. ऐकीव माहिती वेगळी आणि तू सांगणे वेगळे. कोणी नाही म्हणाला तर रोख घे. पैसे आधी भरले तर हा प्रश्नच उरत नाही. चिमीसाठी प्रीपेड रिचार्ज कर, किंवा महिन्याचे पैसे आगाऊ घेणारी इंटरनेटची योजना बघ. फक्त ऑटोपे लावू नकोस. पंधरा हजारांपर्यंतची ठरावीक रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता खात्यातून जाते. चोवीस तास आधी संदेश येतो खरा, पण मिरजेतल्या दिवसभराच्या कामात तो तू वाचशील याची मला खात्री नाही. जुन्या वर्गण्यांचे ऑटोपे आजच बंद कर.

टीव्हीचा विचार मात्र सोडच. जप्तीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचे मंगळसूत्र यांना हात लागत नाही. टीव्हीला ते संरक्षण नाही, आणि मुक्ततेआधी तू जे मिळवशील तेही न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. सूनबाईच्या नावावर घेऊ, असे कोणी सुचवेल. तिच्या शिवणकामाच्या पैशातून ती काही घेते ते तिचे. पैसे तुझे आणि नाव तिचे, असे करून तिला साक्षीला उभे करू नकोस.

पुढे मुक्ततेचा अर्ज करशील तेव्हा न्यायालय विचारेल: हिशेबाच्या वह्या ठेवल्या होत्या का, फेडण्याची आशा नसताना कर्ज काढले का, राहणीत उधळपट्टी झाली का. दुकानाच्या वह्या तू चोख ठेवल्या होत्यास, म्हणून मला तुझ्याबद्दल भरवसा आहे. घरखर्चाचीही तशीच वही आजपासून घाल.

कर्जदाराला कायद्याचा आधार ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांत आधी लागू झाला त्यांत आपला सातारा होता, आणि तासगाव, वाळवे तेव्हा साताऱ्यातच होते. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्या कायद्याने थांबले. तुझ्या पणजोबांच्या पिढीला त्याचा आधार झाला. आज तुझ्या दारात वसुलीवाले उभे राहत नाहीत, तेही अशाच आधारामुळे. म्हणून गवळ्याशी खरे बोलायला लाजू नकोस, बापू.

टीव्हीची आगाऊ रक्कम दिली असशील तर उद्याच दुकानात जाऊन परत माग आणि पावती जपून ठेव. रविवारी मी सांगलीस येतो. सगळ्या चालू वर्गण्या, त्यांच्या तारखा आणि रकमा एका कागदावर काढून ठेव. सोमवारी तो घेऊन आपण दोघे वकिलांकडे जाऊ.

तुझा
मामा