शिफारसपत्र : काम शोधणाऱ्यांसाठीं व पत्र लिहून देणाऱ्यांसाठीं एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रे. कृत्यें १८ : २४–२८, रोमकरांस १६ : १, २, फिलेमोनास पत्र, सर्व, प्रे. कृत्यें १५ : ३६–४०, २ तीमथ्य ४ : ११.

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे खेड्यांतील आमच्या पाळकांच्या व उपदेशकांच्या दारीं एक ठराविक विनंती येऊं लागते : "मुलाला एक चिठ्ठी लिहून द्या." चिठ्ठी कोणास लिहावयाची, कोणत्या कामासाठीं, तें काम मुलास येतें कीं नाहीं, याचा आईबापांनीं पुष्कळदां विचार केलेला नसतो. चिठ्ठी असली कीं काम होईल, एवढेंच त्यांस ठाऊक असतें. उपदेशकहि सहसा नाहीं म्हणत नाहीं. बाप मंडळीचा सभासद, मुलगा शब्बाथ शाळेंत वाढलेला. मग सुशील, प्रामाणिक व कष्टाळू हीं तींच तीन विशेषणें लिहून, खालीं सही करून शिक्का मारून, पत्र हातीं दिलें जातें. पवित्र शास्त्रांत शिफारसपत्रें बरींच आहेत. तीं कशीं लिहिलीं आहेत, आणि त्यांवरून पत्र मागणाऱ्यानें काय करावें व देणाऱ्यानें काय, हें या पाठांत पाहूं.

प्रथम एक गोष्ट सांगून ठेवतों. चिठ्ठीस हंसणारे लोक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत काम अर्ज करून मिळत नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा मुलगा कुंभार, महाराचें काम महाराच्या वांट्यास; बलुतें जन्माबरोबर येई, आणि त्यांतून सुटणेंहि तितकेंच कठीण असे. महारकीचें वतन नाहींसें करणारा कायदा झाला तो १९५८ सालीं. त्याच्या कितीतरी आधीं आमच्यापैकीं अनेकांच्या आज्यापणज्यांनीं ख्रिस्ताचें नांव घेतलें, आणि कित्येकांच्या हातून बलुत्याचा घांसहि गेला. गांव सोडून शहरांत जावें, तर तेथें ओळखणारें कोणी नाहीं. जात विचारली जाई, आणि ती सांगितली कीं दार लागे. अशा माणसाजवळ मिशनरी साहेबांची चिठ्ठी हा एकच वशिला होता. त्या चिठ्ठीवर कोणी शाळेंत शिक्षक झाला, कोणी छापखान्यांत खिळे जुळवूं लागला, कोणी इस्पितळांत कंपाउंडर झाला. त्यांच्याच कष्टांवर आज आमचीं मुलें कॉलेजांत जात आहेत. तेव्हां चिठ्ठी मागणाऱ्या बापास दारांतून परत लावणें हें उपदेशकास शोभत नाहीं.

परंतु काळ बदलला. पूर्वीं चिठ्ठी लिहिणारा व काम देणारा हे पुष्कळदां एकाच मिशनचे असत; एका बंगल्यांतून निघालेली चिठ्ठी दुसऱ्या बंगल्यांत पोंचे. या सोयीची किंमतहि होती. माणूस एकदां मिशनच्या पगारावर बसला कीं त्याची दृष्टि त्या कुंपणापलीकडे जाईनाशी होई. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' उभारण्याचें मनावर घेतलें. तितका निश्चय सर्वांस शक्य नव्हता. आतां परदेशी मिशनरी गेले, त्यांच्या संस्थांपैकीं कांहीं बंद पडल्या, कांहीं चालूं आहेत, आणि काम देणारा बहुधा कारखानदार, सरकारी खातें किंवा बँक असते. सरकारी नोकरीचें काम जाहिरात, परीक्षा व गुणवत्ता यादी यांवर चालतें. तेथें पाळकाच्या पत्रास जागाच नाहीं. खाजगी ठिकाणीं जागा आहे, पण ती साक्षीदाराची. "हा मुलगा तुमच्या ओळखीचा आहे काय? कसा आहे?" असें फोनवर कोणी विचारलें, तर त्या वेळीं तीन विशेषणें पुरत नाहींत.

आतां अपुल्लोकडे वळूं. तो आलेक्सांद्रियाचा, शास्त्रांत प्रवीण, बोलण्यांत आवेशी. इफिसास येऊन सभास्थानांत बोलूं लागला. पण त्याचें ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापाशींच थांबलेलें होतें. श्रोत्यांत अक्विला व प्रिस्किल्ला हें जोडपें होतें. त्यांचा धंदा तंबू करण्याचा, आणि त्याच धंद्यामुळें करिंथांत पौल त्यांच्या घरीं राहून काम करीत असे. त्यांनीं अपुल्लोची उणीव ओळखली, पण चारचौघांत ती उघडी केली नाहीं. त्याला आपल्याकडे नेलें आणि राहिलेलें शिकविलें. त्यानंतर त्याला समुद्रापलीकडे अखयास जावयाचें होतें, तेव्हां बंधुजनांनीं तेथील शिष्यांस पत्र लिहिलें. हा क्रम पाहा : आधीं उणीव भरून काढली, मग पत्र. बंधूंनीं पत्र आधीं दिलें असतें तर अर्धवट शिकलेला वक्ता करिंथांत पोंचला असता, आणि लिहिणाऱ्यांच्या शब्दाची किंमत तेवढ्यापुरती उतरली असती.

आमच्या मुलांच्या बाबतींत हा क्रम पुष्कळदां उलटा होतो. चिठ्ठी आधीं, कसब मागाहून जमेल तेव्हां. वीजतंत्री किंवा फिटर व्हावयाचें तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत दोन वर्षें द्यावीं लागतात. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. त्यापुढें १९६१ च्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची व्यवस्था आहे, आणि त्या काळांत विद्यावेतन मिळतें. मुलीस परिचारिका व्हावयाचें असेल तर एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. डॉ. वानलेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं इस्पितळ सुरू केलें आणि पुढें तेथेंच आपल्या लोकांस वैद्यकाचें व शुश्रूषेचें शिक्षण देण्याची सोय केली, ती याच विचारानें. नुसत्या चिठ्ठीनें जखम बांधतां येत नाहीं. ज्या उपदेशकास मुलाची खरी काळजी आहे त्यानें पत्र लिहिण्यापूर्वीं त्याला प्रवेशाचा अर्ज भरावयास बसवावें, दाखले गोळा करण्यास लावावें, आणि जरूर तर तालुक्याच्या गांवीं त्याच्याबरोबर जावें. अक्विला व प्रिस्किल्ला यांनीं केलें तें हेंच.

फीबीविषयींचें पत्र निराळें आहे. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका. किंख्रिया हें करिंथचें बंदर. तेथून ती रोमास निघाली होती. रोमकरांचें पत्र तिच्याच हातीं पोंचलें असें बहुतेक टीकाकार मानतात. पौल तिच्यासाठीं जागा मागत नाहीं. तिचा प्रभूमध्यें योग्य तो स्वीकार करावा, आणि ज्या कामांत तिला गरज पडेल त्यांत तिच्या पाठीशीं उभें राहावें, एवढेंच तो सांगतो. आणि त्याचें कारणहि देतो, कीं तिनें स्वतः पुष्कळांस, पौलासहि, मदत केली आहे. पुण्यास, चाकणास किंवा मुंबईस जाणाऱ्या मुलामुलींस पहिल्या महिन्यांत हेंच हवें असतें. खोली कोठें घ्यावी, बस कोणती, पगार हातीं येईपर्यंत जेवणाचें काय, एकट्या मुलीनें कोणत्या वस्तींत राहावें : हें सांगणारें एक घर शहरांत असलें तर काम टिकतें, नसलें तर चांगलें काम सोडून मुलगा दिवाळीस गांवीं येतो आणि परत जात नाहीं. खेड्यांतील पाळकानें शहरांतील पाळकास असें पत्र लिहावें. त्याला खर्च नाहीं, आणि त्यांत कोणतें खोटेंहि लिहावें लागत नाहीं.

आतां सर्वांत कठीण पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, धन्याचें घर सोडून गेलेला, आणि वाचून असें दिसतें कीं त्यानें धन्याचें कांहीं नुकसानहि केलें होतें. पौलाशीं त्याची गांठ पडली ती पौल बंदींत असतां. तेथें त्याचा पालट झाला. त्याला परत पाठवितांना पौल जें पत्र देतो तें प्रत्येक उपदेशकानें वर्षांतून एकदां तरी सबंध वाचावें. पंचवीस वचनांचें आहे. (दासपणाचा प्रश्न या पाठाचा नाहीं, तरी सोळाव्या वचनांत पौल त्याला दासापेक्षां अधिक, प्रिय बंधु म्हणतो, हें वाचकांनीं विसरूं नये.)

अनेसिम या नांवाचा अर्थच उपयोगी असा आहे, आणि पौल त्यावरूनच बोलतो : पूर्वीं हा तुझ्या उपयोगाचा नव्हता. ज्याच्यासाठीं रदबदली करावयाची त्याच्याविषयीं पहिल्याच ओळींत असें लिहिण्यास आमच्यापैकीं किती जण धजतील? आम्ही दोष झांकतों. आम्हांस वाटतें, झांकणें हीच प्रीति. पण फिलेमोनास तो दोष ठाऊकच होता. तो झांकून पौलानें लिहिलें असतें तर पत्राच्या दुसऱ्या ओळीवर फिलेमोनाचा विश्वास बसला नसता. दोष कबूल केल्यामुळेंच पुढचें वाक्य, म्हणजे आतां हा तुझ्याहि व माझ्याहि उपयोगाचा आहे, हें खरें वाटतें. आणि तें वाक्य ऐकीव नव्हे. अनेसिमानें बंदींतल्या पौलाची सेवा केली होती; आपल्यापाशींच त्याला ठेवून घ्यावें असें पौलाच्या मनांत होतें. जो माणूस आपल्यालाच हवासा वाटतो त्याचीच शिफारस तो करतो. जो आपल्या घरीं नको, त्याला चांगली चिठ्ठी देऊन दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें, हा प्रकार आमच्यांत होत नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

मग जामिनकीची गोष्ट येते. त्यानें तुझें कांहीं देणें असेल तर माझ्या हिशेबीं मांड, मी फेडीन, असें पौल स्वतःच्या हातानें लिहितो. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत परक्याच्या जामिनकींत सांपडलेल्या माणसाला झोंप न घेतां सुटका करून घेण्याचा सल्ला आहे, आणि येथें प्रेषित आपण होऊन जामीन राहतो! दोन्ही वचनें एकत्र ठेवून वाचलीं म्हणजे आम्हांस असें दिसतें : जो ओळखीचा नाहीं त्याचा जामीन होऊं नये, ज्याला दररोज पाहिलें, ज्याचें काम हातांत घेऊन पाहिलें, त्याचा जामीन होण्यास भिऊं नये. प्रत्येक शिफारसपत्र थोडेंबहुत जामीनपत्रच असतें. नुकसान पैशानें भरावें लागलें नाहीं तरी नांवानें भरावें लागतें. आणि तें नांव उपदेशकाचें एकट्याचें नसतें. पहिला मुलगा खोट्या स्तुतीवर शिरला व उघडा पडला, कीं त्याच मंडळीच्या दुसऱ्या, खरोखर लायक मुलाचें पत्र न वाचतां बाजूस पडतें.

यासाठीं पत्रांत विशेषणें कमी व पाहिलेल्या गोष्टी अधिक असाव्या. समजा, असें लिहिलें : "या तरुणास मी चार वर्षें ओळखतों. दोन वर्षें मंडळीच्या वर्गणीचा हिशेब याच्याकडे होता, तो दर महिन्यास पैपैसा जुळला. वेल्डिंगचें प्रमाणपत्र आहे. इंग्रजी बोलतांना अडखळतो, वाचतो बरें. सांगितलेल्या वेळेच्या आधीं येतो." यांत स्तुति थोडी आहे, पण काम देणाऱ्यास जें जाणून घ्यावयाचें तें सर्व आहे; अडखळण्याचें लिहिल्यामुळें हिशेबाचें खरें वाटतें. आणि असें पत्र मागणाऱ्या मुलानें चार वर्षें आधींपासून कांहींतरी करून दाखविलेलें असावें लागतें. ज्यानें मंडळींत कधीं खुर्च्या मांडल्या नाहींत, त्याच्याविषयीं उपदेशकानें काय लिहावें?

एकदां काम सोडून पळालेल्याचें काय, असें कोणी विचारील. मार्काची गोष्ट वाचा. पौल व बर्णबा यांच्याबरोबर तो निघाला आणि पंफुल्यांतून घरीं परतला. पुढच्या फेरीस त्याला नेण्यास पौलानें साफ नकार दिला. त्यावरून दोघां प्रेषितांत इतका बेबनाव झाला कीं ते वेगळे झाले. आमच्या मतें पौलाचा नकार अन्यायाचा नव्हता, आणि बर्णबानें त्या तरुणास आपल्याबरोबर कुप्रास नेलें हेंहि योग्यच केलें. पुढें कलस्सैकरांस लिहितांना पौल मार्काचा स्वीकार करण्यास सांगतो, आणि शेवटल्या पत्रांत तीमथ्यास लिहितो कीं मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठीं मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्कानें काय काय केलें तें फारसें लिहिलेलें नाहीं. पण ज्यानें नाकारलें त्याच्याच हातून हें पत्र मिळालें, आणि तें काम करूनच मिळालें असलें पाहिजे. पहिली नोकरी दोन महिन्यांत सोडून आलेल्या मुलास प्रथम एखाद्या बर्णबाची गरज असते, जो त्याला लहानसें काम देईल. बढतीचें पत्र मागाहून.

शेवटीं एका धोक्याविषयीं. शिफारसपत्रास पैसे लागत नाहींत. रेल्वेंत, सैन्यांत, पालिकेंत "आंतून" लावून देतों म्हणून जो पैसे मागतो तो चोर आहे, मग तो शास्त्र बगलेंत घेऊन येवो. परदेशीं नोकरी लावून देणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्यानें सरकारी नोंदणी आवश्यक केली आहे; नोंदणीचा क्रमांक पाहिल्याशिवाय त्याच्या हातीं पासपोर्ट किंवा पैसा देऊं नये. अशा माणसास मंडळींत बोलूं देण्यापूर्वीं पंचांनीं त्याची चौकशी करावी. शेत गहाण टाकून दिलेला पैसा बुडाला म्हणजे त्या घराचा उपासनेस येण्याचा धीरहि जातो, हें कोणत्याहि उपदेशकास सांगावयास नको.

वर्ग घेणाऱ्यांनीं येत्या रविवारीं फिलेमोनाचें पत्र मोठ्यानें वाचावें. नंतर प्रत्येक तरुणास कागद देऊन त्याच्या शेजारीं बसलेल्याविषयीं चार ओळी लिहावयास सांगावें : स्वतः पाहिलेलें तेवढेंच, एकहि विशेषण न घालतां. कागद कोरा राहिला तर तो तसाच घरीं नेऊं द्यावा, आणि सहा महिन्यांनीं पुन्हां मागावा.