कुंभकोणमला जाताय? आधी पाण्याची तारीख विचारा

पोरांनो, कुंभकोणमला निघालात म्हणजे देवळांची यादी तुमच्याजवळ असणारच. ती राहू द्या. मी सांगते ते पाण्याचं. हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधे वसलंय, आणि भोवतालचा सगळा मुलूख त्याच पाण्यावर जगतो: भात, केळी, पानमळे, पाखरं, पार समुद्राकाठची खारफुटीसुद्धा. तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढंच विचारायचं, की नदीला पाणी कधी असतं?

एप्रिल-मेमध्ये गेलात तर कावेरीच्या जागी नुसती वाळू दिसेल. आपली मंडळी मुलांच्या सुट्टीत जातात आणि ‘हीच का ती कावेरी?’ म्हणत परततात. पाणी येतं मेट्टूर धरणातून. दरवाजे उघडायची ठरलेली तारीख 12 जून आणि बंद करायची 28 जानेवारी. धरणात साठा कमी असला तर जूनची तारीख पुढे जाते, म्हणून त्या वर्षीची बातमी वाचून मगच बेत आखा.

पावसाळ्यातच जमणार असेल तर आडीपेरुक्कूला जा. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, 2 किंवा 3 ऑगस्टला येतो. घाटाघाटावर बायका नव्या पाण्याची पूजा करतात: हळद-कुंकू, फुलं, पिवळा दोरा, काळे मणी. मग तिथेच बसून चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात. बघा, नमस्कार करा, पण खालच्या पायरीवर उतरू नका. ती शेवाळलेली असते आणि पाण्याला ओढ असते. पोहता येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

दिवसाची वाटणी अशी करा. देवळं साधारण दुपारी 12 ते 4 बंद असतात. सकाळ रानाला आणि पाण्याला द्या, संध्याकाळ देवाला. पहाटे उठा, पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी घ्या आणि निघा.

पहिली सकाळ पिचावरमची, चिदंबरमच्या पुढे. कोकणातल्या माणसाला कांदळ आणि तिवर नवे नाहीत, पण वेल्लार आणि कोल्लिडम या नद्यांच्या मुखांमधलं हे जंगल होडीतून आतून बघता येतं. तिकीट खिडकीवर वल्ह्याची होडी मागा. मोटरबोट रुंद पाण्यातूनच फिरवते. खरी मजा अरुंद गल्ल्यांत आहे, जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर मिळतात आणि बसल्या जागी वाकावं लागतं. तिथे गप्पा बंद ठेवा. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी सुटून चिखलात शिरलेली दिसतील. तिवराची मात्र चिखलातून वर, आकाशाकडे आलेली, कारण त्या चिखलात हवा नसते आणि श्वास वरूनच घ्यावा लागतो. मुलांना हा फरक तिथेच दाखवा. 2004 च्या त्सुनामीत या झाडीच्या आडोशाच्या वस्त्यांना झळ कमी बसली, हेही सांगा. उन्हाला सावली नाही. टोपी आणि पाणी बरोबर हवंच.

दुसरी सकाळ वडुवूरची, तंजावर-मन्नारगुडी रस्त्यावर. शेतीसाठी बांधलेला तलाव आहे, त्यात कालव्याचं पाणी येतं, आणि 2022 साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. हिवाळ्यात मुग्धबलाक, शराटी, पाणकावळे, तलवार बदकं. दुर्बीण न्या, भडक कपडे नकोत. हाताशी आणखी एक दिवस असेल तर कोडियाक्करै गाठा: काळविटं, रोहित पक्षी, वाटेत वेदारण्यमची मिठागरं, जिथे राजाजींनी 1930 साली मिठाचा सत्याग्रह केला. पण नोव्हेंबरात नको. 2018 च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं होतं.

पूंपुहारला कावेरी समुद्राला मिळते. तिथलं एवढंसं पात्र बघून हिरमुसू नका. कल्लणैच्या जुन्या चोळकालीन बंधाऱ्यापासून तिचं पाणी फाटे फुटत फुटत शेतांत वाटलं गेलेलं असतं. उरलेलं तेवढं समुद्राला. मला तर भारतातल्या कुठल्याही संगमापेक्षा हा बारीक प्रवाह जास्त मोठा वाटतो.

कावेरीकाठचा एखादा पानमळाही बघा. वेल हदग्यावर चढवलेले असतात, आत शिरलं की ऊन हिरवं होऊन येतं. मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, चप्पल बाहेर काढा, आणि निघताना एक कवळी विकत घ्या. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती घडतात, तिथेही जा. मेणाच्या मूर्तीवर लिंपायची माती कावेरीच्या गाळाचीच असते.

आता गाडीचं. मुंबईच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला येतात आणि कुंभकोणमच्या सहसा एग्मोरहून सुटतात, तेव्हा मधे पुरेसा वेळ ठेवा आणि तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. रात्रीच्या उळवनपेक्षा दिवसाची चोळन एक्सप्रेस घ्या. खिडकीशी बसलात तर पुढचा भातशेतीचा मुलूख फुकट बघून होतो. 2028 साली महामहम आहे, बारा वर्षांनी येणारं. त्या दिवसांत स्नानाला जायचं असेल तर जा, रानवाटांसाठी नको.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस जानेवारीच्या उत्तरार्धातले. पाऊस सरलेला, सांबा भात पिवळं पडलेलं, पाखरं मुक्कामाला, आणि कालव्यांना अजून पाणी. पोंगलच्या आठवड्यात मात्र सारं तमिळनाडू गावी निघतं, गाडीत जागा मिळत नाही. म्हणून 18 ते 28 जानेवारी धरा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 19 नोव्हेंबरला सकाळी तिकिटाला बसा.