कुमारांचं कपाट नसतं

अलिबाग

चि. बयो,


वाचनालयाच्या किल्ल्या तुझ्या हाती आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. बालविभाग नीट लावायचा म्हणून तू यादी मागितली आहेस. ती देईनच, पण आधी एक गोष्ट ऐक. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची पुस्तकं बालविभागात शोधत बसू नकोस. बहुतेक वेळा ती तिथे नसतातच.

आपल्या गावोगावच्या वाचनालयांत बालविभाग म्हणजे इसापनीती, अकबर-बिरबल, परीकथा आणि थोरामोठ्यांची पातळ चरित्रं. पाचवी-सहावीपर्यंत मुलं तिथे रमतात. पुढे त्या गोष्टी त्यांना पुरेनाशा होतात आणि मोठ्यांच्या कपाटांकडे वळावं तर कोणी तरी हटकतं, ‘ते तुमचं नाही.’ मग ती यायचीच थांबतात. मोबाइलला दोष देणं सोपं आहे. पण पायरीपर्यंत आलेल्या मुलाला पुढचं कपाट उघडून दिलं नाही, याचा दोष आपल्याकडेच येतो.

मराठीत या वयासाठी पुस्तकं आहेत, चांगली आहेत, पण ती विखुरलेली आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन बघ. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चारही पुस्तकं मोठ्यांच्या कथासंग्रहांत असतात. दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा क्रमांक मिळतो आणि त्यात वय कुठेच दिसत नाही. राम पटवर्धनांचं ‘पाडस’, शांताबाई शेळक्यांचं ‘चौघीजणी’, पु. लं.चं ‘एका कोळियाने’ ही अनुवादितांत. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ चरित्रांत. बालविभागात शोधणाऱ्याला यातलं एकही सापडणार नाही.

गवाणकरांनी सालिम अलींचंही चरित्र लिहिलं आहे. ते तुमच्याकडे असेल तर आधी बाहेर काढ. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं. घरटं नर विणतो, तेही अर्धवट. मादी येऊन पारखते, तिला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. हे जगापुढे आलं ते आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांकडे रोज बघत बसलेल्या माणसामुळे. थळ-किहीमच्या शाळेतल्या मुलांना हे ठाऊक नसेल तर ते पुस्तक कपाटात असून नसल्यासारखंच. आठवीतल्या मुलाच्या हाती ते देताना एवढंच सांग, ‘यातली घरटी आपल्या किहीमची आहेत.’

मूल समोर आलं की त्याची इयत्ता विचारू नकोस. शेवटचं कुठलं पुस्तक आवडलं ते विचार. पुस्तकाचं नाव आठवणार नाही, लेखकाचं तर नाहीच. ‘तो सायकलवरचा मुलगा’ म्हणाला तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो आवडला असेल तर भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न दे. पुस्तकच आवडलं नसेल तर काय बघायला आवडतं ते विचार. होडी, क्रिकेट, किल्ले, भुतं, काहीही चालेल. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन आलेल्या मुलाला कान्होजी आंग्र्यांबद्दल वाचायचं असतं, फक्त ते पुस्तक इतिहासाच्या कपाटात आहे हे त्याला माहीत नसतं.

आता कामाचं. पुस्तकं जागची हलवू नकोस, वार्षिक पडताळणीच्या वेळी दाखल क्रमांक जुळवताना जीव जाईल. त्याऐवजी कुमारांना देता येईल अशा प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर एकाच रंगाचा ठिपका लाव, मग ते कुठल्याही कपाटात असो. एक वही घाल: नाव, लेखक, दाखल क्रमांक, कपाट, आणि शेवटच्या रकान्यात ते कुणाला आवडेल. तो रकाना पुस्तक वाचल्याशिवाय भरायचा नाही. तपकिरी कागदाच्या बांधणीत मुखपृष्ठं हरवलेली असतात, तेव्हा कण्यावर नाव ठळक लिही. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून ग्रंथभेटीचा गठ्ठा आला की दाखल करून ठेवून देऊ नकोस, त्याच आठवड्यात चाळ. १९७१पासून बालभारती काढते त्या ‘किशोर’चे जुने अंक पोटमाळ्यावर असतील तर खाली आण. माधुरी पुरंदऱ्यांनी संपादलेल्या ‘वाचू आनंदे’चे कुमार गटाचे भाग नसतील तर मागव. त्यातले उतारे वाचून मुलं मूळ पुस्तक मागायला येतात, आणि ते तुझ्या वहीत असलं पाहिजे.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरून एखादे पालक येऊन बोलतील. त्यातली मुलं नववीतली आहेत आणि प्रेमात पडतात. नववीतल्या वाचकाला ते पुस्तक जरूर दे. पालकांना बसव, चहा दे, आधी स्वतः वाचा, तीच प्रत घरी न्या म्हणावं. तरीही ते नकोच म्हणाले तर त्यांच्या मुलापुरतं ऐक. पुस्तक कपाटातून काढू मात्र नकोस.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. कोळीवाड्यातली मोठी मुलं त्या दिवसांत गावातच सापडतात. संध्याकाळी अर्धा तास मोठ्यानं वाचत जा. ‘एका कोळियाने’पासून सुरुवात कर. गळाला लागलेल्या माशाशी झुंजणारा म्हातारा त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, उलट तीच तुला चार गोष्टी सांगतील. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेव, आणि ऊन पडलं की दारं उघडी टाक. खाऱ्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते.

खरेदीची यादी समितीपुढे जाण्याआधी मला पाठव. ‘पाडस’च्या दोन प्रती लिही, एक कायम बाहेर असते.

तुझी,
मावशी