तळ्याकाठी गळ टाकायला जाताना

पोरांनो, भिवंडीत वाढलात, मागांची खडखड कानात मुरली आहे. सुट्टीत भंडारदऱ्याला, पाण्याकाठी मुक्कामाला निघालात, हे फार चांगलं केलंत. कसारा घाट चढून घोटीला वळा. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं. त्याच्याच जलाशयाकाठी तुमचा तंबू पडेल. जाण्याआधी एवढं ऐका.

आधी विचारा, मग गळ टाका. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. त्यांच्या पोटावर पाय देऊन आपली हौस भागवू नये.

पहाटे बसा, नाहीतर दिवस कलताना. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा धरा. काठावर धपधप चालू नका. पावलांचा हादरा माशाला अंगावरच्या रेषेतून कळतो. रोहू-कटल्याला कणकेची गोळी चालते, मरळीला जिवंत आमिष लागतं.

पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर तिथे गळ टाकू नका. ती मरळीची पिल्लं, आणि आईबाप खालीच राखण करत असतात. त्यांना उचललंत, तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. पहिल्या पावसात अंडी घालायला मासे ओढ्याने वर चढतात. ही वलगण डोळे भरून बघा, पण पोटात अंडी असलेला मासा धरू नका. लहान मासा गळाला लागला, तर हात ओला करून सोडवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. पाणकावळ्याच्या पायात अडकला की पाखरू जिवानिशी जातं.

धरणाचा काठ फसवा असतो. पाणी ओसरलेल्या जागी गाळ, दोन पावलांवर खोली. पोहायला उतरू नका.

मे सरता सरता गेलात, तर झाडांवर काजवे दिसतील. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला साद. तिथे बॅटरी मारू नका, मोबाईलही खिशात ठेवा.

जेवण गावातल्या माउलीकडून घ्या आणि पैसे देताना घासाघीस करू नका.

आणि दिवसभरात एकही मासा लागला नाही, तरी हिरमुसू नका. पाण्याकाठी चार तास गप्प बसता आलं, तर सुट्टी सार्थकी लागली असं समजा.